रिदाचं लाइव्ह रेकॉर्डिंग

रिदाच्या गळ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं आणि तिचा आवाज परत येईलच, असं डॉक्टर काही म्हणत नव्हते. ती गायची त्या 'सांडगे' बँडचं पाच वर्षांत एकही गाणं धड रेकॉर्ड झालेलं नव्हतं. म्हणून गिटारवाल्या मनोजनं मंडळाचे अध्यक्ष असलेल्या अण्णांचे अक्षरशः पाय धरून, पण ऑपरेशनचं काही न सांगता, मंडळाचा पंचवटीतला हॉल मिळवला. चार ते सहा. नुसती गिटार, ढोलकी आणि रिदा. सहानंतर तिथे कुणाची तरी हळद होती.

अण्णांची अट एकच होती. "आधी छोटासा सत्कार ठेवू."

सत्कार घोटीच्या पाहुण्यांपासून सुरू झाला आणि सरकत सरकत पार्किंगवाल्यापर्यंत आला. पावणेसहाला ज्याच्या गळ्यात हार पडला, तो हळदीचा मंडपवाला होता. त्यानंही दोन शब्द बोलतो म्हणून दहा मिनिटं घेतली.

सहाला तीन मिनिटं कमी असताना मनोज रडवेला होऊन अण्णांच्या कानाशी लागला. "अण्णा, एकच गाणं हो, अडीच मिनिटांचं. उद्यापासून हिला आवाजच नसेल कदाचित."

अण्णांचा चेहरा पडला. "अरे वेड्या, हे आधी नाही का सांगायचं?" त्यांनी उरलेले नारळ बाजूला सारले आणि तडक माईक हातात घेतला. रिदानं डोळे मिटून खोल श्वास घेतला.



"मंडळी, सगळ्यांनी जागेवर उभं राहावं," अण्णा म्हणाले, "रिदाताईंच्या आवाजासाठी आपण दोन मिनिटं शांतता पाळू या."