सातवं प्रकरण

तिने पुस्तक उघडून एकशे बारावं पान काढलं. समोरचं पान सत्त्याण्णव होतं.

सभागृहाच्या दाराशी मांडलेल्या विक्रीच्या टेबलावरची दुसरी प्रत उघडली. तेच. तिसरी उघडली. तेच. प्रत्येक मुखपृष्ठावर एक सोनेरी गोल चिकटवला होता, 'समीक्षकांची शिफारस'. त्या गोलाखाली तिच्या वडिलांचं अर्धं नाव झाकलं गेलं होतं.

"सगळ्या तशाच?" आईने विचारलं.

"सगळ्या."

"असू दे. ठेव खाली. लोक बघतायत."

टीव्हीवरच्या कार्टूनपटांचा इतिहास सांगणारं पुस्तक होतं. बाइंडरने सोळा पानांचा एकच फर्मा दोनदा लावला होता आणि पुढचा लावलाच नव्हता. न लावलेल्या पानांचा तो गठ्ठा रद्दीत गेला. त्याच्याबरोबर सातवं प्रकरण अख्खं गेलं. अनुक्रमणिकेत तेवढं राहिलं. वडिलांनी फोन केला तेव्हा प्रकाशक म्हणाला होता, "वाचकाची एक तरी तक्रार येऊ द्या, लगेच नवी आवृत्ती काढतो." तेव्हापासून घरात फोन वाजला की वडील सगळ्यांच्या आधी उठायचे. मागच्या महिन्यात ते गेले, तोवर एकही तक्रार आली नव्हती.

"वहिनी, अहो मागे काय बसताय? पुढे या, पुढे." प्रकाशक हात जोडत आला. "त्यांना हा दिवस बघायला मिळायला हवा होता. सकाळपासून निम्म्या प्रती संपल्या."

"तक्रार आली का कुणाची?" मुलीने विचारलं.

"कसली तक्रार?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. तिने प्रत उघडून त्याच्यासमोर धरली.

"हां हां, ते! अहो ताई, ते कोण बघतंय?" तो हसला आणि माइक नीट करायला निघून गेला.

कार्यक्रम सुरू झाला. ज्याच्या शिफारशीचा तो गोल होता, तो समीक्षक सिनेमावरची तीन पुस्तकं घेऊन उभा राहिला. पहिलं दिग्दर्शकांच्या मुलाखतींचं. दुसरं सिनेमाचा इतिहास, "इतका जाडजूड की घरात चोर शिरला तरी उपयोगी पडेल." लोक हसले. मग त्याने तिसरं हातात घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे पुस्तक मी तीनदा वाचलंय. मित्रहो, यातलं सातवं प्रकरण चुकवू नका. 'रंग भरणाऱ्या बायका'. पडद्यावर ज्यांचं नाव कधी आलं नाही, त्या भगिनींना लेखकाने इथे न्याय दिलाय. खोटं नाही सांगत, वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

टाळ्या वाजल्या. आईने मांडीवरचे हात पर्सखाली घेतले.

लग्नाआधी आणि नंतरही तिने कार्टूनपटांच्या चित्रांत रंग भरले होते. पारदर्शक शीट उलटी ठेवायची आणि मागच्या बाजूने भरायचे. ते प्रकरण वडिलांनी तिला वाचून दाखवलं होतं, तेव्हा तिने एकच चूक काढली होती. डोळ्यातला पांढरा ठिपका शेवटी भरतात, असं त्यांनी लिहिलं होतं. "शेवटी भरला तर काळ्याच्या मागे जाईल तो, दिसणार कसा?" ती म्हणाली होती. "आधी ठिपका, मग डोळा." वडिलांनी तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केलं होतं.

मुलगी उभी राहिली.

"बस खाली," आई दबक्या आवाजात म्हणाली. "तमाशा नको, माझी शपथ आहे."

"सर," मुलगी म्हणाली, "मी लेखकाची मुलगी. त्या प्रकरणातल्या दोन ओळी वाचून दाखवाल का?"

"अरे, जरूर!" समीक्षकाचा चेहरा खुलला. "यापेक्षा मोठी श्रद्धांजली कोणती?"

त्याने अनुक्रमणिका काढली. पृष्ठ एकशे तेरा. तो पानं उलटत पुढे गेला, थांबला, मागे आला. पुन्हा पुढे गेला. एका हातातला माइक पुस्तकाला लागून होता. सभागृहात पानांची सळसळ मोठ्याने ऐकू येत होती.

"माझी खुणा केलेली प्रत घरी आहे," तो म्हणाला. "मी तोंडीच सांगतो ना."

"नको," मुलगी म्हणाली. "वाचूनच दाखवा. तीनदा वाचलंय तुम्ही."

प्रकाशक घाईघाईने उठला. "वेळेअभावी आपण आता चहा..."

"काका, बसा तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता, पण तो बसला. "शोधू द्या त्यांना."

समीक्षकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकशे बारा. सत्त्याण्णव. कुणी हसलं नाही. मग मधल्या रांगेत कुणीतरी पिशवीतून आपली प्रत काढली. त्याच्या शेजारणीने तिची काढली. मागेही पानं वाजायला लागली.

"अहो!" मधल्या रांगेतला माणूस उभा राहिला. तोंड चांगलंच वाकडं झालं होतं त्याचं. "माझ्या पुस्तकात हे प्रकरणच नाहीये. काय विकताय काय तुम्ही?"

आईने पर्सखालचे हात बाहेर काढले आणि प्रकाशकाकडे वळून पाहिलं.

"घ्या," ती म्हणाली. "आली."