डोहाचा कौल

गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, डोहात जाळं टाकू का? टाकायचं असेल तर उजवं फूल दे, नको असेल तर डावं."

देवळामागच्या डोहातले खडस मासे देवीचे, म्हणून गावाने तिथे कधी जाळं टाकलं नव्हतं. बाकी नदीतून खडस केव्हाच नाहीसे झाले होते. पण कुणीतरी नवस फेडायला बाजारातून जिवंत चिलापी मासळी आणून डोहात सोडली, आणि आता ती खडसांची अंडी फस्त करत सुटली होती.

मासेवाली हौसाबाई दाराशी टाचा उंचावून बघत होती. देवी काय म्हणते, हे कळल्याशिवाय तिचा पाय निघेना.

डावं फूल पडलं. जमलेल्या सगळ्यांचे चेहरे उतरले.

"गुरवकाका, आणखी एक विचारा की," हौसाबाई म्हणाली. "ही चिलापी तरी तिची आहे का?"

गुरव घुटमळले, पण आता त्यांनाही राहवेना. फुलं पुन्हा लावली. पुन्हा डावंच पडलं.

"तिची नाही, म्हणजे काढायला हरकत नाही," गुरव पुटपुटले. "पण जाळं तर नको म्हणाली."

"बरोबरच म्हणाली. जाळ्यात खडसांची पिल्लंही मेली असती." हौसाबाईने पदर खोचला. "आपण गळ टाकू. खडस लागला तर परत सोडू."

मग जन्मात मासा न धरलेल्या गुरवांनी हळूच विचारलं, "गळाला गांडूळच लागतं, की कणकेची गोळी चालेल गं?"