गजकर्ण

सासूबाईंच्या मनगटावर गजकर्णाचा चट्टा उठला आणि सुनेला त्यांच्या हातचं पाणीही नकोसं झालं. ती लाल, खवले सुटलेली कड नुसती आठवली तरी ती पुन्हा हात धुऊन घ्यायची. तिने त्यांचं ताट वेगळं केलं, टॉवेल चिमट्याने उचलून उकळत्या पाण्यात टाकला आणि तान्ह्या लेकीला त्यांच्या मांडीवरून काढून घेतलं.

"आई, ही बुरशी असते. बाळाला लागली म्हणजे?"

सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या.

चार दिवसांनी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथेही मधली खुर्ची सोडून बसली. मनगट बघून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. तुम्हीही दाखवा." सुनेची पाठ बघताना त्या थबकल्या. "हा तर जुना आहे, चांगला तळहाताएवढा. तुमच्याकडूनच त्यांना लागलाय. पण मलम लावताय वाटतं, सुकत आलाय."

"मी कुठलंच मलम लावत नाही," सून म्हणाली. पाठ खाजते ती घामाने, असंच ती धरून चालली होती. मग तिला आठवलं, बाळंतपणानंतर दुखणारी तिची पाठ परवापरवापर्यंत रोज सासूबाईच चोळून देत होत्या.

"आई, तुम्हाला दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?"



"तुला तुझीच किळस आली असती गं."