एकच बोट

नंबर-फोटोंचं अर्धं सामान नव्या फोनमध्ये गेलं आणि जुना फोन मध्येच अडून बसला. त्याचं कुलूप पुन्हा पडलं होतं.

सासूबाईंनी अंगठा कपड्याला पुसला, त्यावर फुंकर मारली आणि काचेवर ठेवला. फोन नुसताच थरथरला. त्यांनी दुसरं बोट लावून पाहिलं, मग तिसरं. त्यांचा सगळा जन्म इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी उकळण्यात गेला होता. सोड्याच्या पाण्याने चादरींचे डाग निघाले आणि त्यांच्या बोटांवरच्या रेषाही गेल्या. आकड्यांचं कुलूप म्हणाल, तर ते आकडे त्या सकाळी पाठ करायच्या आणि संध्याकाळी विसरायच्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "धाकटी येईलच एवढ्यात. ती उघडेल."

थोरल्या सुनेच्या पोटात दुखलं. हे तिचं नेहमीचं दुखणं होतं आणि त्याला औषध नव्हतं.

जुना फोन घरात आल्यापासून हे असंच चाललं होतं. फोन वाजो, अडो, गप्प बसो, हाक धाकटीला. धाकटी औषधांच्या दुकानातली नोकरी करून दमूनभागून यायची, चप्पल काढता काढता अंगठा टेकवायची आणि फोन उघडायचा. सासूबाई अशा कौतुकाने बघायच्या, जशी काही सुनेने तिजोरीच फोडली! थोरली तेव्हा शिवणयंत्रावर मान घालून लोकांच्या पँटी आखूड करत असायची. पिकतं तिथे विकत नाही, असं ती स्वतःशी म्हणायची आणि यंत्र जोरात हाणायची. सुरुवातीला एकदोनदा सासूबाईंनी तिच्यापुढेही फोन धरला होता. "मला नाही बाई जमत, तुमच्या लाडकीला हाक मारा," म्हणून तिने तो परत सरकवला होता. ज्या कुलपाची किल्ली आपल्याला दिलेलीच नाही, ते उघडायला जाऊन हसं कशाला करून घ्यायचं?

आज मात्र तिने आपणहून कामाला हात घातला होता. त्याला कारण होतं. फोनच्या दुकानदाराने सांगितलं होतं, "नंबर, फोटो, निरोप, सगळं आपोआप येईल. बोटांचे ठसे तेवढे येणार नाहीत. ते नव्याने द्यावे लागतील." ते ऐकल्यापासून थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. धाकटीचं बोट जुन्या फोनबरोबर अडगळीत जाणार होतं. नव्यात थोरली फक्त स्वतःचं बोट देणार होती. धाकटीने विचारलं तर काय सांगायचं, तेही तिने घोकून ठेवलं होतं. 'या फोनला एकच बोट चालतं.' खोटं होतं ते. असू दे. एकदा तरी हाक आपल्याला येईल.

आणि आता ऐन वेळी हा मेला त्याच बोटासाठी अडला होता.

"धाकटी, धाकटी, धाकटी!" थोरली फुटलीच. "मी काय घरात पाहुणी आहे, आई? तुमच्या दुखण्यात उशाशी बसायला मी. दवाखान्याच्या रांगेत मी. आणि फोनला बोट मात्र तिचं! माझ्या बोटाला काय काटे आहेत?"

सासूबाईंना काही उमगलं नव्हतं.

"मग तुझं लाव की," त्या म्हणाल्या.

थोरलीला ती चेष्टाच वाटली. तिने बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून टेबलावर आपटलं आणि सुयांनी खरखरीत झालेला अंगठा फोनवर दाबला. आता हा थरथरेल, नाही म्हणेल, मग आईंना तोंडावर सांगता येईल, बघा.

फोन उघडला.

तिने तो बंद केला. पुन्हा अंगठा ठेवला. फोन पुन्हा उघडला आणि अडलेलं सामान निमूटपणे पलीकडे जाऊ लागलं.

"हे कसं काय?" तिने अंगठा उलटून पाहिला.

"कसं म्हणजे? त्यात पहिलं बोट तुझंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "फोन आणला त्या दिवशी माझं काही तो घेईना. धाकटी म्हणाली, मग आधी ताईंचं घेऊ, त्या दिवसभर घरात असतात. तू तापाने फणफणून ढाराढूर झोपलेली. तिने तुझा अंगठा उचलून उचलून टेकवला. मी म्हटलं, हळू गं, उठवू नकोस तिला. तुझं झाल्यावर मग तिने तिचं दिलं."

"मला सांगितलं नाहीत ते!"

"सांगायचं काय त्यात? घरातल्या माणसाला घरात यायचं आमंत्रण देतात का?" सासूबाईंचा आवाज उतरला. "मी फोन पुढे करायचे आणि तू परत सरकवायचीस. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आलाय. म्हणून मग तुला हाक मारणं सोडलं."

इतकी वर्षं जळली होती थोरली, आणि काडी तिच्याच हातात होती. सामान सगळं पोचलं. नव्या फोनने बोट मागितलं. तिने अंगठा टेकवला, उचलला, परत टेकवला, या वेळी जागेपणी.

दार वाजलं. धाकटी खांद्यावरची पिशवी सावरत आत आली.

"झालं का, ताई? माझं बोट राहिलंय ना?"

घोकून ठेवलेलं वाक्य थोरलीच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि सरकून शेजारी जागा केली.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "या फोनचं एका बोटाने भागत नाही."