डावा गुडघा

ऑफिसात खेळ सुरू झाला: प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंतून कागदावर आपला फुटबॉल संघ निवडायचा आणि सीझनभर पेपरातले त्यांचे गोल मोजायचे. विश्वनाथरावांना दोन फॉरवर्डांतला एक ठरवता येईना. आठवडाभर ते हाताला येईल त्या कागदावर टिपणं काढत बसले.

"अहो, मुलाचे वडील आज आपल्या पोरीसाठी होकार घ्याले येऊन राहिले," सुमतीबाई कडाडल्या. "मुलाची पत्रिका उघडून तरी पाहिली काय?"

"पाहिली ना!"

पाहुणे आले. विश्वनाथरावांनी घाईघाईने पत्रिका पुढे केली, ती नेमकी पालथी. मागे त्यांचंच अक्षर होतं: 'धावतो छान. पण डावा गुडघा गेलेला, लपवून ठेवलंय. घेऊ नये.'

मुलाचे वडील पांढरेफटक पडले.

"हे तुम्हाले कोणं सांगितलं?"