'सोबत'चा रकाना

वनस्पती संग्रहालयातल्या वाळवलेल्या आळंबीच्या नोंदी संगणकावर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकाच रानआळंबीची अकरा पाकिटं, दर वर्षाचं एक. प्रत्येक लेबलावर तारीख, जागा, 'गोळा करणारा' आणि 'सोबत'.

चौथ्या पाकिटाशी मनात पाल चुकचुकली. एका वर्षी जो 'सोबत' असतो, तोच पुढच्या वर्षी गोळा करणारा. आणि एकदा गोळा करणारा झाला, की त्याचं नाव पुढे कुठेच नाही.

मी गेल्या वर्षीचं लेबल काढलं. गोळा करणाऱ्या आमच्या जुन्या मॅडम, ज्या राजीनामा न देताच यायच्या बंद झाल्या. 'सोबत' आमचे आताचे सर. अक्षरही सरांचंच.

"सर, मॅडम हल्ली कुठे असतात?"

"तू नोंदी कर, नसत्या चौकशा नको." सर नेहमीसारखेच हसले. मग कोपऱ्यातली टोपली उचलून म्हणाले, "उद्या सकाळी रानात जायचंय. तू चल सोबत. परत आल्यावर लेबल तूच लिही."

"तुम्ही नाही लिहिणार?"

सरांनी खिशातून पाकिटांच्या कपाटाची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.