सरसाचे तीन वाडगे

“डोळे मिटा, काका,” मालक म्हणाला.

उस्तादाने डोळे मिटले. समोर टेबल होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत फौजदार वही उघडून बसला होता आणि आल्यापासून त्याने नाकावरचा रुमाल काढला नव्हता. सरसाच्या कारखान्यात नवा माणूस आला की हे असंच होतं. कातड्यांचे तुकडे, खूर, हाडं, चुन्याचे हौद. जेवून आलेल्याने पस्तावावं अशी जागा.

उस्ताद मात्र या घाणीतून चांगली घाण आणि वाईट घाण वेगळी काढायचा. चाळीस वर्षं त्याने तेवढंच केलं. कातडं चुन्यात भिजवायचं, धुवायचं, मंद आचेवर शिजवायचं, उकळी म्हणून फुटू द्यायची नाही. मग गाळायचं, थिजू द्यायचं, तारेने वड्या कापून जाळ्यांवर वाळत घालायच्या. उन्हाळ्यात कातडं आतून सडलेलं असलं तरी सरस दिसतो तसाच, फक्त लाकडाला धरत नाही. ते कळतं वासाने, आणि उस्तादाला ते झोपेतही कळेल असं लोक म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला आणि तापाबरोबर वास गेला. कांद्याचा येईना, रॉकेलचा येईना. त्याने फक्त बायकोला सांगितलं. काम गेलं असतं तर आवारातली खोलीही गेली असती, आणि त्या वयात दुसरं छप्पर कोण देतं? बायको तिथेच जाळ्या धुवायला होती. तीस वर्षांत नवऱ्याकडून तीही वास शिकली होती. कढई उतरायच्या वेळी ती सहज म्हणून जवळून जायची. माल बिघडलेला असला तर घसा खाकरायची, चांगला असला तर गप्प. दोघांत मिळून एक नाक, पण संसार चालला होता.

मग लेकीच्या बाळंतपणाला ती चार दिवस गेली. त्या चार दिवसांत एक कढई उतरली. उस्तादाने वाफेवर वाकून मान डोलावली आणि माल जाऊ दिला. त्या सरसाने एका सुताराने शाळेच्या जिन्याचा कठडा जोडला. सोमवारी एक शिक्षिका कठड्याला टेकून खालच्या मुलांना हाक मारत होती. कठडा सुटला, परवा तिला स्मशानात पोचवलं.

तेव्हापासून उस्तादाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तरीही आज सकाळी वाडग्यांतला सरस वासाने ओळखायच्या चाचणीचं कळलं तेव्हा त्याच्या मनात आधी आली ती खोली. माणूस असाच असतो, त्याला नावं ठेवून काय उपयोग.

वाडगे आणायला मालकाने नेमकं लेकीकडून परतलेल्या बायकोलाच सांगितलं. बाकी सगळे कामावर होते. उस्तादाला तिची पावलं ऐकू आली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पहिला वाडगा टेबलावर टेकला. ती गप्प राहिली.

“चांगला आहे,” उस्ताद म्हणाला.

दुसरा आला. तिने घसा खाकरला.

“सडका.”

तिसऱ्याला जरा वेळ लागला. दाराशी ती थबकली, मग आली, वाडगा ठेवला आणि घसा खाकरला. त्या खाकरण्यात रडू होतं, पण ते फक्त नवऱ्याला कळलं असतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

“हाही सडका,” तो म्हणाला. अंगात थोडा जुना ताठाही आला. “हा तर दारातूनच कळला साहेब.”

“नक्की?” फौजदाराने विचारलं. “पुन्हा एकदा घ्या वास.”

“कशाला? चाळीस वर्षं हेच करतोय. सरस सडला आणि मला कळलं नाही, असं कधी झालं नाही.”

फौजदाराने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, खाली उस्तादाची सही घेतली आणि गाडी बोलवायला तो बाहेर गेला. उस्तादाने डोळे उघडले. बायको भिंतीला पाठ लावून उभी होती. तो तिच्याकडे बघून किंचित हसला. खोली वाचली होती.

मालक मान खाली घालून बसला होता. तो याच आवारात लहानाचा मोठा झाला होता, उस्तादाच्या खांद्यावर बसून चुन्याचे हौद बघितलेला.

“काका, ही चाचणी मीच मागितली होती,” तो म्हणाला. “मी फौजदारांना सांगितलं, आमच्या काकांचं नाक गेलं असणार, म्हातारपण आहे, नकळत झालं त्यांच्या हातून. तुम्ही चुकणार अशी माझी खात्री होती. खोली तुमच्याकडेच ठेवणार होतो.”

बायकोचा हात तोंडाशी गेला.

“तिसरा वाडगा त्या कठड्याच्या सरसाचा होता,” मालक म्हणाला. “आणि तुम्ही आत्ता लिहून दिलंत, की तो सडलाय हे तुम्हाला दारातूनच कळतं.”